बेस गिटारची कोठी

२ फेब्रुवारी १९९७, रविवार

सकाळी भिवा आला. माझ्या बायकोचा, प्रभावतीचा हा धाकटा भाऊ इथे बदनापूरच्या मोंढ्यात हमाली करतो आणि सोळा वर्षांपासून ‘बेबीनंदा आणि पार्टी’त वाजवतो. ही भीमगीतांची गायन पार्टी. आधी तो ढोलकीवर होता, चार वर्षांपासून बेस गिटारवर आहे. आज त्याने चहा नको म्हटले. भिवा चहा नको म्हणतो तेव्हा काहीतरी बिघडलेले असते.

"दाजी, मला काढून राह्यले."

"कोण?"

"टेंभुर्णीवाले. तीस मार्चला नव्या विहाराचं उद्घाटन हाय. कमिटीचा शिवाजी म्हणला, तुमचा गिटारवाला नुसता उभा ऱ्हातो, आवाज कुठं येतो? औरंगाबादचा कीबोर्डवाला आणा म्हणे. डाव्या हातानं बेस काढतो, उजव्यानं बाकी सगळं."

"बेबीनंदाताई काय म्हणाल्या?"

"ताईनं शर्त लावली. साळूबाई शेवटच्या रांगेत बसत्यात. त्यांनीच विहाराला जागा दिली, त्यांचा शब्द कोणी मोडत न्हाई. त्यांना बेस ऐकू आला तर भिवा कायमचा. न्हाई आला तर कीबोर्ड. शिवाजीनं हातावर हात मारला."

अडचण अशी की पार्टीचे आवाज वाढवायचे एकच मशीन आहे आणि त्याला दोन भोंगे आहेत. गाणे, पेटी आणि भिवाची गिटार, सगळे त्याच भोंग्यांतून बाहेर पडते. भोंग्यातून गळा चांगला निघतो, पण जाड आवाज आतच राहतो. म्हणून भिवाला बेससाठी वेगळे मशीन आणि वेगळा स्पीकरचा खोका हवा आहे. तो मी निवडावा असे त्याचे म्हणणे.

मी म्हणालो, मी बी.एस्सी. अॅग्री आहे. बियाण्यांच्या कंपनीत बाजरीचे आणि कपाशीचे प्लॉट बघतो. गिटारचे मला काही कळत नाही.

"मंग तर लई बरं. तुम्ही कोणाची बाजू घेणार न्हाई."

मी हो म्हणालो. कामाची आवड म्हणून म्हणालो की ‘कोणाची बाजू घेणार नाही’ हे ऐकायला गोड वाटले म्हणून, हे स्वतःला विचारले. दुसरे कारण खरे असावे.

५ फेब्रुवारी

जालन्याला दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने विचारले, "किती वॅट पाह्यजे?" मी विचारले, "किती लागतात?" तो म्हणाला, "ते तुमच्या हौसेवर हाय." हौसेवर मोजमाप ठेवायला मी तयार नव्हतो. तेव्हा त्याने समजावून सांगितले. मशीन म्हणजे बैल आणि खोका म्हणजे गाडी. बैल दांडगा असला तरी गाडी मोडकी असेल तर माल पोचत नाही. आणि गाडी लहान असून बैल दांडगा असेल, तर गाडीच फुटते.

मग कोणता खोका चांगला, असे विचारल्यावर त्याने कोपर टेकवलेल्या खोक्यावर थाप मारली. "हाच घ्या."

दुसऱ्या खोक्याला कोपर टेकवले असते तर तोच चांगला ठरला असता का? मशीन भाड्याने आणले. खोका चाचणी घेतल्याशिवाय ठरवायचा नाही असे ठरवले.

९ फेब्रुवारी, रविवार

चाचणीसाठी तीन खोके जमले. पहिला, दुकानातला काळा, पंधरा इंची एका स्पीकरचा. दुसरा मंडपवाल्याचा, बारा इंची दोन स्पीकरचा. तिसऱ्याबद्दल लिहायला संकोच वाटतो. ती आमच्या घरातली ज्वारीची पत्र्याची कोठी आहे.

ही कल्पना कडूबाची. कडूबा पत्र्याचे काम करतो, भिवाचा मित्र. त्याच्याकडे कुठल्याशा मोडलेल्या खोक्यातला पंधरा इंची स्पीकर पडून होता. कोठीच्या पोटाला गोल भोक पाडून त्याने तो घट्ट बसवला. वरचे झाकण उघडे ठेवले की आवाज जाड होतो, हे त्याने बोटाने पत्रा वाजवून दाखवले.

प्रभावतीने ज्वारी सतरंजीवर ओतून कोठी रिकामी करून दिली होती. मी म्हणालो, विचार कर, पत्र्याला एकदा भोक पडले की पडले.

"भावासाठी कोठी काय, घर रिकामं करून देईन."

"आपलं?"

"मंग कोणाचं?"

१६ फेब्रुवारी, रविवार

आज चाचणी झाली. ओळखीच्या बद्रीनाथरावांचे तुरीचे रान मोकळे झाले आहे, ते त्यांनी दिवसभर दिले. वाणांची चाचणी जशी घेतो तशीच रीत ठेवली. तीन खोके, आणि तुलनेला जुना भोंगा. प्रत्येकाच्या तीन पुनरावृत्त्या, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. एकूण बारा वेळा वाजवणे. मशीन तेच, वीज बद्रीनाथरावांच्या विहिरीवरची, आणि भिवाने दर वेळी तेच चार सूर वाजवायचे. साठ पावलांवर पाच माणसे पाठ करून बसवली. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे.

बद्रीनाथराव बांधावर येऊन उभे राहिले.

"तातेराव, हे पेरलं काय?"

"पेरलं नाही. ऐकतो आहोत."

"उगवलं का?"

"आत्ता तिसरी पुनरावृत्ती चालू आहे."

"खत टाकून पाहा," म्हणाले आणि गेले. थोड्या वेळाने शेजारच्या आणखी चौघांना घेऊन आले. दुपारपर्यंत रानात चाळीस माणसे होती. कॅनॉलची मोजणी चालू आहे अशी बातमी पसरली होती. दोघे सातबारा घेऊन आले होते.

गुणांची पाने आता समोर आहेत. रामरावांनी भोंग्याला दहा दिले, कारण त्यांच्या लग्नात भोंगाच होता. सोनूबाईंचे गुण शेवटाकडे वाढत गेले आहेत. विचारल्यावर म्हणाल्या, "पोरगं किती दमलं ते, मंग वाढवून देऊ नको का?" भिवा अडतीस वर्षांचा आहे. त्यांना पाठ करून बसवले होते, तरी दमलेला कसा दिसला?

गणित दोनदा केले. खोक्याखोक्यांत अर्थपूर्ण फरक नाही. अर्थपूर्ण फरक फक्त जागेत आहे. पूर्वेकडच्या पट्ट्यात काहीही ठेवले तरी जास्त गुण मिळाले, कारण वारा त्या बाजूने होता. म्हणजे दिवसभर आम्ही वाऱ्याला गुण दिले.

तरी कोठी थोडी पुढे आहे. तिचा दोष एवढाच की ती खडखडते.

१९ फेब्रुवारी

आज एक शोध लागला, पण तो माझा नाही. ज्वारी सतरंजीवर पडून राहिली तर उंदीर येतील म्हणून प्रभावतीने मला न विचारता थोडी परत कोठीत ओतली. संध्याकाळी भिवाने तार जोडली आणि खडखड गेलेली. आवाज खोल, गोल, पोटात जाणारा.

मग एकेक पायली वाढवत गेलो. चार पायल्यांना पत्रा बोलायचा थांबतो. सात पायल्यांना आवाज सगळ्यांत भरीव. नवाला ज्वारी स्पीकरच्या पाठीला टेकू लागते आणि आवाज कोंडतो. सात हा आकडा पक्का केला.

२१ फेब्रुवारी

सकाळी कोठीचा आवाज किंचित वर गेलेला. कारण सापडेना. तारा तपासल्या, मशीन तपासले. शेवटी कळले की प्रभावतीने चार भाकरींची ज्वारी काढली होती. मी म्हणालो, आता तीस मार्चपर्यंत या ज्वारीला हात लावायचा नाही. ती म्हणाली, मग खायचे काय? मी म्हणालो, सतरंजीवरची. ती म्हणाली, ती दळणाला गेली. काढली तेवढी मोजून परत टाकली.

२३ फेब्रुवारी, रविवार

टेंभुर्णीला गेलो. ज्यांच्या कानावर भिवाचे सगळे अवलंबून आहे, त्यांची चाचणी आधी घेणे मला योग्य वाटले. भिवा नको म्हणत होता. "ताई म्हणल्या, साळूबाईचं टेन्शन घेऊ नको, ते बराबर होतं." टेन्शन नाही, ही खातरजमा आहे, असे मी समजावले.

साळूबाई ऐंशीच्या असतील. दारात बसतात. आम्ही टेम्पोतून कोठी उतरवली तेव्हा त्यांना आनंद झाला. साठ पावले मोजून कोठी ठेवली. भिवाने वाजवले. मी विचारले, "ऐकू आला का?"

"आला."

मग भोंग्यातून. "आला."

मग मी भिवाला खूण करून मशीनची तार काढायला लावली. तो नुसताच बोटे फिरवत राहिला.

"आला की. लई गोड आला."

मग त्याला गिटार खाली ठेवून पाणी प्यायला सांगितले. तो पाणी पीत होता.

"आला बाबा, आला."

त्यांनी गुळाचा चहा दिला, शेंगा दिल्या. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "आता पुन्हा कधी येशील इचारायला? कोणी काही इचारतच न्हाई मला."

टेम्पोत भिवा खूश होता. वाटेत त्याने दोन गाणी म्हटली. मी मात्र वहीत चार वेळा लिहिलेला ‘आला’ पुन्हा वाचत होतो. ज्या साक्षीदाराला न वाजवलेलेही ऐकू येते, त्याच्या साक्षीवर भिवाने जिंकायचे? तो जिंकेल, पण त्याला काय मिळालेले असेल?

२४ फेब्रुवारी

कमिटीला पत्र लिहिले. चार वेळा फाडले. शेवटी असे लिहिले: साळूबाईंबद्दल पूर्ण आदर राखून कळवतो की त्यांच्या ऐकण्यावर निर्णय ठेवणे दोन्ही बाजूंना न्यायाचे होणार नाही. त्याऐवजी शेवटच्या रांगेत स्टुलावर एक ताट ठेवावे, त्यात मूठभर ज्वारी पसरावी. बेस पोचला तर दाणे हलतील. दाण्यांना कोणाची भीड नसते.

पत्र पेटीत टाकल्यावर हलके वाटले. घरी सांगितले. प्रभावतीच्या हातातले भांडे हातातच राहिले.

२ मार्च, रविवार

बेबीनंदाताई घरी आल्या. उन्हातून आलेल्या, पण बसल्या नाहीत.

"तातेरावदादा, शिवाजीनं तुमचं पत्र सगळ्या कमिटीला वाचून दाखवलं. ताटाचं ठरलं. लई खूश हाय तो."

"योग्य झालं."

"साळूबाईचं नाव मी कशापायी घेतलं आसंल?"

"त्या शेवटच्या रांगेत बसतात म्हणून."

त्या प्रभावतीकडे वळल्या. "वहिनी, पाणी द्या. आन् कसं निभावता हो तुम्ही?"

"सवय झाली," प्रभावती म्हणाली.

"असा माणूस घरात एक आसावा. दुसरा आसला तर भिंती पडतील."

मी विचारले, माझी काही चूक झाली का? त्या म्हणाल्या, "न्हाई दादा. तुमची चूक सापडत न्हाई, तीच तर पंचाईत हाय." जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आता तुम्हीच त्याचा बेस ताटापर्यंत पोचवा. पहिल्या दिवशी मी स्टेजवर थरथरत होते, तवा ह्याच्या ढोलकीनं धरलं होतं मला. तुम्हाला म्हणून सांगते."

ही गोष्ट त्यांनी कमिटीला का सांगितली नाही, ते कळले नाही. सांगितली असती तर शर्तीची गरजच पडली नसती.

९ मार्च, रविवार

प्रभावती माझ्याशी जेवणापुरते बोलते.

ताटाची चाचणी बद्रीनाथरावांच्या रानात. वीस पावलांवर दाणे नाचतात. चाळीसवर थरथरतात. साठवर हलत नाहीत. मशीन पूर्ण वाढवले, तर ते चालू असल्याचा लाल दिवा मिचमिचू लागला. त्यापुढे जाऊ नये.

भिवा म्हणाला, "दाजी, ज्वारी जड हाय. राजगिरा टाका ना ताटात. फुकलं तरी उडतो."

"लिहून ज्वारी दिली आहे."

"कोणाला काय कळतंय?"

"मला कळेल."

बद्रीनाथराव म्हणाले, "मंग निदान मेव्हण्याची तरी लाज धरा." मी धरतो आहे. त्यासाठीच हे सगळे करतो आहे.

१६ मार्च, रविवार

स्टूल बदलून पाहिले. सपाट पत्र्याचे ताट परातीपेक्षा बरे. पंचावन्न पावलांवर एक दाणा हलला. दोघांनी पाहिला. तिसऱ्याने पाहिला नाही, म्हणून नोंद धरली नाही.

२३ मार्च, रविवार

भिवा आज वाजवायचा थांबला. अंगठा दाखवला. पोत्यांच्या सुतळीने आणि गिटारच्या तारेने एकाच जागी घट्टा पडला आहे.

"दाजी, एक सांगू? ताईच्या मागं मी सोळा साल उभा हाय. ती श्वास कुठं घेणार ते मला आधी कळतं. तिथं मी चार सूर टाकतो, तेवढ्यात ती श्वास घेऊन घेती. लोकाला वाटतं ताई थांबतच न्हाई. कीबोर्डला हे कसं कळंल?"

मी वहीत लिहून घेतले. पण तक्त्यात कोणत्या रकान्यात टाकावे ते कळले नाही. मग वेगळ्या पानावर लिहिले.

२६ मार्च

साठ पावलांवर आज तीन दाणे हलले. तिघांनी पाहिले. प्रभावतीला सांगितले. ती म्हणाली, "तीन?" आणि आत गेली. थोड्या वेळाने चहा आणून ठेवला.

३१ मार्च, सोमवार

काल उद्घाटन झाले. आज सुटी टाकून लिहितो आहे. जसे घडले तसेच लिहायचे आहे.

कार्यक्रम सकाळी अकराचा. विहारापुढे मंडप. भिवाने कोठी स्टेजच्या उजव्या कडेला ठेवली. ज्वारी मी स्वतः मोजून घातली, सात पायल्या. झाकण उघडे. मग शेवटच्या रांगेपर्यंत पावले मोजली, एकसष्ट भरली. साळूबाईंपुढे स्टूल, स्टुलावर ताट, ताटात मूठभर ज्वारी. शिवाजी म्हणाला, "मी पाहुण्यांचं पाहतो. ताटावर तुम्हीच बसा, तातेराव. तुम्ही खोटं बोलत न्हाईत." डोक्यावर खांबाला भोंगा बांधलेला होता. त्यामुळे तिथे शेजारच्याशीही बोलता येत नव्हते.

पहिले गाणे सुरू झाले आणि दाणे हलले. तीन नव्हे, सगळे. माझ्या डोळ्यांत पाणी आले. चष्मा पुसून पुन्हा बघितले तेव्हा स्टुलाच्या पायाशी साळूबाईंचा अंगठा दिसला. त्या समोर स्टेजकडे बघत होत्या आणि अंगठ्याने स्टूल ढकलत होत्या.

मी स्टूल उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवले. त्या माझ्या कानाशी ओरडल्या, "तिकडं कशाला नेतो? हितं चांगलं हलत होतं!"

दुसरे गाणे. एकही दाणा हलला नाही. मी स्टेजकडे नीट पाहिले. कोठीपुढे बायांची रांग लागली होती. नवे विहार, स्टेजवर ज्वारीची कोठी, झाकण उघडे. कोणीतरी दान समजून त्यात ओंजळभर गहू टाकला असणार. मग दुसरीने बाजरी टाकली. आता एक बाई सूप घेऊन उभी होती आणि एक जण कोठीला हार घालत होता. धान्य केव्हाच स्पीकरच्या वर गेलेले असणार. आणि बेसच्या मशीनचा लाल दिवा विझलेला होता, म्हणजे ते बंद पडले होते. भिवा खाली मान घालून वाजवत होता. त्यातला एकही सूर कुठे जात नव्हता.

मी उभा राहिलो. हात वर केला. मोठ्याने म्हणालो, "कोठी बंद आहे! मोजणी थांबवा!" दुसऱ्यांदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो. डोक्यावरच्या भोंग्यापुढे माझे मलाच ऐकू येत नव्हते. पुढच्या रांगांतले दोघे वळले आणि मला बसायची खूण करून परत पुढे बघू लागले.

बेबीनंदाताईंनी मात्र मला पाहिले. दुसरे गाणे संपतच होते. त्यांनी पाणी घेतले नाही, गाण्याचे नाव सांगितले नाही, ढोलकीवाल्याकडे फक्त डोळ्यांनी पाहिले आणि तिसरे गाणे उचलले. माझ्याकडे बघतच गायला लागल्या. पूर्ण वाक्य चौथ्यांदा बोलून मी खाली बसलो.

त्या कुठे श्वास घेतात ते मी बघत होतो. भिवाने सांगितल्यावर पहिल्यांदाच. ओळ संपते, पुढची सुरू व्हायची असते, आणि मध्ये, कोठी बंद असली तरी, ते चार सूर. रानात बारा वेळा ऐकलेले, घरी किती वेळा ते मोजलेले नाही. ताई थांबतच नाहीत असे लोकांना का वाटते ते मला काल समजले.

मग ताटाकडे लक्ष गेले. दाणे हलत होते. चार-चारच्या ठेक्यात, स्वच्छ. साळूबाई आता दूर होत्या, पाय मांडीखाली. वारा नव्हता. स्टेजवर दिवा विझलेलाच. मी वाकून स्टुलाखाली पाहिले. माझा उजवा पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर होता.

पाय थांबवला. दाणे थांबले. थोड्या वेळाने पुन्हा बघितले तर हलत होते. पाय केव्हा सुरू झाला याची माझ्याकडे नोंद नाही.

कार्यक्रम संपल्यावर शिवाजी कागद घेऊन आला. मागे भिवा, हातात गिटार, अंगावर कोठीच्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या. बेबीनंदाताई स्टेजच्या पायरीवर उभ्या होत्या.

"बोला तातेराव. शेवटच्या रांगेत बेस आला का?"

मी सगळे सांगितले. पहिल्या गाण्याला साळूबाईंचा अंगठा, दुसऱ्याला कोठीत पडलेले दान, विझलेला दिवा, तिसऱ्याला माझा पाय. शिवाजीने शांतपणे ऐकले. मध्ये दोनदा घाम पुसला.

"बिलकुल. ते सगळं समजलं. पण तुम्ही होते ना शेवटच्या रांगेत? मंग आला का न्हाई, एवढंच सांगा."

भिवा माझ्याकडे बघत नव्हता. अंगठ्यावरचा घट्टा कुरवाळत होता.

मी म्हणालो, "आला."

शिवाजीने कागदावर लिहिले. भिवा आधी साळूबाईंच्या पाया पडला, मग कोठी रिकामी करायला पळाला.

आता तो आणि प्रभावती अंगणात बसून ज्वारीतून गहू आणि बाजरी वेगळी करत आहेत. निवडलेले धान्य उद्या टेंभुर्णीला परत पोचवायचे आहे. काहीतरी बोलून हसत आहेत. मी सकाळपासून तो एक शब्द तपासतो आहे. त्यात चूक सापडली तर शिवाजीला कळवावे लागेल, म्हणून पोस्टकार्ड काढून ठेवले आहे. त्यावर अजून फक्त पत्ता लिहिला आहे.